डाव्या कानातला डूल

रऊफ : तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं, बदावीकाका. तिसऱ्या!

बदावी : आवाज जरा चढला खरा.

रऊफ : जरा? एकतीस वर्षं तुम्ही स्टेजच्या कडेच्या त्या खड्ड्यात बसून नटांना वाक्यं पुरवताय. तुमचा आवाज नटाच्या बुटापाशी सुरू होतो आणि बुटापाशीच संपतो, असं अख्खं कैरो म्हणतं. आणि काल, नेमकं त्या शांततेत...

बदावी : तुमच्या नाटकात शांतता सोडून आता उरलंय काय, उस्ताद?

रऊफ : हे बघा, चेष्टा नको. आज पॅरिसची माणसं येतायत. मंत्रालयाची समिती येतेय. उन्हाळ्यात तिकडच्या महोत्सवाला आपण जायचं की नाही, ते आज ठरणार. चार वाजता सुतार येईल आणि खड्ड्यावर फळ्या ठोकेल. झालं.

बदावी : झालं?

रऊफ : युरोपात आता असा खड्डा कोणी ठेवत नाही.

बदावी : तिकडचे नट पाठ करून येत असतील.

रऊफ : तुम्हाला कामावरून काढत नाहीये मी. वर जुन्या संहितांची खोली आहे, तिथे बसा. पंखा आहे.

बदावी : जानेवारीत पंखा. वा. देव तुमचं भलं करो.

रऊफ : मग मी काय करू, सांगा ना! स्टेजवर एक टेबल. टेबलामागे कारकून. समोर बाई. तो विचारतो, ‘नाव?’ ती गप्प. पुन्हा ‘नाव?’ ती गप्प. त्या गप्प राहण्यावर नाटक उभं आहे. त्या बाईला नाव नाही, काका. ती म्हणजे तुम्ही, मी, बाहेर दारासमोर बॉम्बच्या भीतीनं विटांची भिंत बांधलीय तिच्याआड पेंगणारा शिपाई, कुणीही. आणि तेवढ्यात जमिनीखालून आवाज येतो, ‘तफीदा!’ नटीचं खरं नाव! चार माणसं हसली.

बदावी : पाच. एक बाल्कनीत होता.

रऊफ : का केलंत असं?

बदावी : तिनं मागितलं.

रऊफ : काय मागितलं?

बदावी : नाव.

रऊफ : कुणाचं?

बदावी : स्वतःचं.

रऊफ : नीट सांगा.

बदावी : तुम्ही या बाईंना, सित्त तफीदाला, सहा महिने ओळखता. मी तिला तंताच्या जत्रेत तंबूतल्या नाटकांत काम करायची तेव्हापासून ओळखतो. आमच्या खुणा तेव्हाच ठरल्या. अंगठी फिरवली की अख्खं वाक्य हवं. शाल सारखी केली की मी पान सोडून पुढे गेलेय, तूही ये. आणि डाव्या कानातल्या डुलाला हात लावला, तर फक्त एक शब्द हवा. बाकीचं मला येतंय, असा त्याचा अर्थ. एकतीस वर्षांत तो हात डुलाकडे किती वेळा गेला असेल? वीस वेळा? बाकी सगळं कोरल्यासारखं पाठ.

रऊफ : आणि काल?

बदावी : काल कारकुनानं विचारलं, ‘नाव?’ हात डुलाकडे गेला. मला वाटलं, तुमचं ते जुनं भाषण आठवत असेल, पहिल्या प्रयोगाआधी होतं ते. मी हळूच त्याचा पहिला शब्द दिला, ‘मी’. ती हलली नाही. पुन्हा डूल. पुन्हा दिला, ‘मी’. मग ती खाली वाकून माझ्याकडे बघायला लागली आणि डूल असा ओढला की मला वाटलं कान तुटतोय. तेव्हा उजेड पडला डोक्यात, की ही संहितेतला शब्द मागतच नाहीये. तिला हवा होता तो शब्द माझ्या पुस्तकात नव्हता. पण मला येत होता.

रऊफ : अभिनय असेल तो.

बदावी : उस्ताद, खड्ड्यातून मला माणूस हनुवटीच्या खालून दिसतो. तिथून कुणालाही अभिनय करता येत नाही.

रऊफ : ...

बदावी : गप्प बसू नका. तुमच्या गप्प बसण्याला मी टाळ्या वाजवणार नाही.

रऊफ : दरवाजा लोटा. आणि हळू बोला.

बदावी : म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

रऊफ : पहिल्या प्रयोगाला नाही. आईशपथ. अडीच पानांचं भाषण होतं तिचं. दोन वर्षं घासूनपुसून लिहिलं होतं मी. ‘मी आधी नुसती आहे, आणि मग मी जे निवडते ते मी होते. माझ्यावर नाव लादू नका.’ पॅरिसच्या थंड खोलीत त्या लोकांची पुस्तकं वाचून वाचून माझ्या आत जे काही साठलं होतं ते सगळं त्या अडीच पानांत होतं. आणि ती उभी राहिली, आणि तोंडातून एक अक्षर नाही. मी विंगेत उभा. चार मिनिटं! मनात म्हटलं, मेलो.

बदावी : तिनं कुठलीच खूण केली नाही, म्हणून मीही शब्द दिला नाही. आणि सकाळी पेपर आला.

रऊफ : ‘अरबी रंगभूमीने प्रथमच शून्याकडे डोळे उघडून पाहिले.’ माझा फोटो. तिचा फोटो. भाषणाचा उल्लेखही नाही, कारण त्यांना कुठे माहीत होतं की भाषण होतं!

बदावी : सेन्सॉरच्या साहेबाला माहीत होतं. त्यानं पानापानावर शिक्का मारला होता.

रऊफ : आला ना तो दुसऱ्या दिवशी! म्हणे, ‘मी मंजूर केलेली अडीच पानं गेली कुठे?’ मी म्हटलं, साहेब, ती आहेत, पण ती मनात बोलते. त्यानं पेन काढलं. मग लिहून दिलं, ‘शांततेस हरकत नाही. मात्र ती पाच मिनिटांवर जाऊ नये.’

बदावी : शहाणा माणूस. पाच मिनिटांनंतर लोक विचार करायला लागतात.

रऊफ : हसू नका, काका. दुसऱ्या प्रयोगाला मी तिला कौतुकानं सांगितलं, ‘तसंच करा.’ ती म्हणाली, ‘कसंच?’ तेव्हा मला कळलं, तिला काहीच आठवत नव्हतं.

बदावी : आणि तुम्ही गप्प राहिलात. नाटकाला शोभेल असंच.

रऊफ : तुम्हाला वाटतं मी हावरट आहे. पॅरिसच्या तिकिटासाठी म्हातारीला जुंपलंय.

बदावी : मला काही वाटत नाही. मी खड्ड्यातला माणूस.

रऊफ : ते भाषण मी जूनच्या लढाईआधी लिहिलं होतं. जूनमध्ये काय झालं? रेडिओवर माणूस ओरडत होता, आज त्यांची चाळीस विमानं पाडली, आज साठ पाडली. आम्ही गच्चीवर नाचलो, काका. शेजाऱ्यांनी सरबत वाटलं. पाचव्या दिवशी कळलं, आपलंच सगळं जळून गेलंय. त्यानंतर माणूस स्वतंत्र आहे, तो निवडतो, तो घडवतो, हे मी कुणाच्या तोंडी घालू? तालमीत तिची बदली नटी, इन्साफ, ते म्हणून दाखवायची तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहायचो. आणि मग ही उभी राहिली. रिकामी. जूननंतर त्या स्टेजवर खोटी नसलेली तेवढी एकच गोष्ट मी पाहिली. ती मी लिहिलेली नव्हती. मी काय करायला हवं होतं?

बदावी : माझ्या बहिणीचा मुलगा सीनाईच्या आघाडीवरून चालत आला. अनवाणी. पाय बघवत नव्हते. सात महिने झाले, भिंतीकडे तोंड करून बसतो. नाव विचारलं तर तोही सांगत नाही. त्याला बघायला पॅरिसहून कुणी आलं नाही.

रऊफ : तेच तर दाखवायचंय मला!

बदावी : तो दाखवत नाहीये, उस्ताद. तो तसा आहे. आणि तीही. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला यातला फरक मी खड्ड्यातून सांगायचा का? सरकारनं चार वर्षं पगार देऊन तुम्हाला काय शिकवून आणलं, तर माणूस एकटा आहे. अहो, आमच्या शुब्रा वस्तीत कुठल्याही जिन्यावर बसला असतात तर विधवा बायकांनी फुकट सांगितलं असतं.

रऊफ : फक्त तेवढंच नाही शिकलो.

बदावी : हां, आणि ती भिंत. नट आणि प्रेक्षकांमधली चौथी भिंत पाडायची, ते जर्मन लोकांकडून. तंताच्या जत्रेत खलनायक आला की बायका चपला फेकायच्या. एकदा एक शेतकरी स्टेजवर चढला आणि सित्त तफीदाला म्हणाला, ‘पोरी, याच्याशी लग्न करू नकोस, माझ्या घरी चल, माझी बायको तुला लेकीसारखी ठेवील.’ भिंत पाडायला आधी ती बांधावी लागते. आम्ही बांधलीच नव्हती.

रऊफ : तुमचं म्हणणं काय आहे? एका वाक्यात सांगा.

बदावी : खड्डा उघडा ठेवा, मी आत बसतो. तेवढं जमत नसेल तर आज तिला उभी करू नका. इन्साफला करा. गप्प राहायला काय लागतं?

रऊफ : इन्साफ गप्प राहते तेव्हा ती सुंदर दिसण्याचा प्रयत्न करतेय हे बाराव्या रांगेतून कळतं.

बदावी : मग करा रद्द.

रऊफ : रद्द केलं तर...

(तफीदा आत येते. एका हातात वाफाळता पेला, दुसऱ्या हातात एकच बूट.)

तफीदा : रद्द काय करताय? बडीशेपेचा काढा संपू दे तरी माझा. आणि हा बूट कुणाचाय? माझ्या खोलीत एकच आहे.

रऊफ : दुसरा तुमच्या पायात आहे, सित्त.

तफीदा : बघा, दिग्दर्शक असावा तर असा. बारीक लक्ष. बदावी, तुझं तोंड असं का? नाटकात कुणी मेलं का? विसरलेच, तुमच्या नाटकात कुणी मरतसुद्धा नाही. आमच्या वेळी पहिल्या अंकात एक, तिसऱ्यात तीन. लोक रुमाल पिळून घरी जायचे.

बदावी : बसा, सित्त. इकडे बसा.

तफीदा : आणि तीही फ्रेंचांचीच नाटकं बरं का, उस्ताद! तुम्हाला वाटतं तुम्हीच पहिले पॅरिसला गेलात. आमचे मालक काय करायचे, काउंटाला पाशा करायचे, चर्च काढून मशीद घालायचे, आणि जिथे ते लोक वाइन पितात तिथे आम्ही उसाचा रस प्यायचो. चाललं की नाही? तेव्हा त्यांच्याकडून रडणं आणलं, आता गप्प बसणं आणलंत. मला दोन्ही येतं.

रऊफ : सित्त, आम्ही जरा...

तफीदा : माझ्याबद्दल बोलत होतात. दार पातळ आहे. खिडक्यांना निळा रंग फासलात, आता विमानांना आत दिसत नाही म्हणे. पण दारातून सगळं ऐकू येतं.

बदावी : किती ऐकलंत?

तफीदा : चपला फेकायच्या तिथून. तो शेतकरी बेन्हाचा होता. दात किडलेले. चांगला माणूस होता. बघ, मला सगळं आठवतं.

बदावी : हो.

तफीदा : हो म्हणू नकोस असा! डॉक्टरसारखा.

रऊफ : सित्त, काकांचं म्हणणं आहे की आज तुम्ही विश्रांती घ्यावी.

तफीदा : कुठे?

रऊफ : घरी.

तफीदा : घर म्हणजे माझी भाची. परवा तिनं माझ्या दाराला बाहेरून कडी लावली. म्हणते, ‘मावशी, तू रात्रीची रस्त्यावर जातेस.’ मी जात असेन. मला विचारलं, ‘गॅस कुणी चालू ठेवला?’ मी म्हटलं, मला काय माहीत. तिच्या नवऱ्यानं तोंड फिरवलं. घरी मी विसरले की ते असं एकमेकांकडे बघतात. आणि इथे विसरले तर चारशे माणसं श्वास रोखतात, मग उभी राहतात. तूच सांग, बदावी, तू कुठे राहशील?

बदावी : मला ते बघवत नाही, सित्त.

तफीदा : मला कुठे बघवतं? पण मला बघावं लागत नाही. मी आत असते. आतून ते काळोखासारखं पण नसतं रे. सामान काढून नेलेल्या खोलीसारखं असतं. भिंतीवर फोटोंचे चौकोन दिसतात, फोटो नसतात.

रऊफ : तुम्ही नको म्हणालात तर मी आत्ता जाऊन सांगतो. समिती गेली खड्ड्यात.

तफीदा : खड्ड्यात बदावी बसतो. जागा नाही.

रऊफ : मी खरंच सांगतोय.

तफीदा : माहितेय. तू वाईट पोरगा नाहीस. तुझं भाषण वाईट होतं. नाही, वाईट नव्हतं, लांब होतं. मी ते पाठ केलं होतं हं, सगळं. आंघोळीत म्हणायचे. ‘मी जे निवडते ते मी होते.’ मला आवडायचं. मी कधी काही निवडलं नव्हतं. तंबूत बापानं आणून सोडलं, लग्न मालकानं ठरवलं, मोडलंही त्यानंच. म्हटलं, चला, साठीनंतर का होईना, निवडावं. आणि मग ते कुठे गेलं कोण जाणे.

रऊफ : मग आज निवडा. काय करायचं?

तफीदा : काम करायचं. आणि तो खड्डा बंद करायचा.

बदावी : सित्त!

तफीदा : ऐकून घे.

बदावी : मीच तुम्हाला तिथून... काल तुम्हीच डूल ओढलात. तुम्हीच माझ्याकडे बघितलंत!

तफीदा : म्हणूनच. खड्डा उघडा असला की मी त्यात बघते. तू दिसतोस. तू दिसलास की मला कळतं, काहीतरी हरवलंय आणि ते तुझ्याकडे आहे. काल तू नाव दिलंस, आणि मला एकदम समजलं की ते माझं आहे आणि मला येत नव्हतं. चारशे माणसांसमोर. असं वाटलं की कुणीतरी माझे कपडे उतरवले. त्याआधी मी बरी होते. नुसती उभी होते. फळ्या ठोकल्या की मागायला कुणी नाही, आणि द्यायलाही.

बदावी : मग मी काय करू?

तफीदा : पुढे बस. पहिल्या रांगेत, समितीच्या शेजारी. इस्त्री केलेला शर्ट घाल. एकतीस वर्षांत तू मला कधी समोरून पाहिलंच नाहीस. बूट आणि हनुवटी, एवढीच मी तुझ्या वाट्याला. बघ तरी, लोक कशाला येतात ते.

बदावी : आणि तिथून मी बघायचं, की तुमचा हात डुलाकडे जातोय.

तफीदा : जाईल.

बदावी : आणि बसून राहायचं.

तफीदा : टाळ्या वाजव. सगळे वाजवतात.

रऊफ : काका, तुम्ही म्हणाल तसं. मी सुताराला परत पाठवतो.

बदावी : मला विचारू नका. त्यांनी निवडलंय.

रऊफ : काका...

बदावी : जा, उस्ताद. खाली सुतार आला असेल. त्याला सांगा, आत उशी आहे माझी आणि चष्म्याचं घर. ते काढून घे म्हणावं, मग ठोक.

रऊफ : मी... बरं. सित्त, साडेसातला मेकअप.

तफीदा : गेला. रडेल आता जिन्यात. त्या जर्मनांच्या शाळेत रडायला बंदी असते म्हणे, प्रेक्षकांना. दिग्दर्शकांचं माहीत नाही.

बदावी : तुमचा काढा गार झाला.

तफीदा : असू दे. बदावी, रागावलास?

बदावी : नाही.

तफीदा : रागाव थोडा. मला बरं वाटेल.

बदावी : पाय पुढे करा. बूट घालतो.

तफीदा : चल, एकदा घोटून घेऊ. शेवटचं. कारकून हो तू.

बदावी : कशाला? स्टेजवर तर काही म्हणायचं नाही.

तफीदा : म्हणायचं नसलं तरी यायला हवं. येत असून गप्प राहणं वेगळं. आज तसं करायचंय मला. एकदा तरी तुझ्या उस्तादाला खरी शांतता देते. विचार.

बदावी : नाव?

तफीदा : थांब, घाई करू नकोस... तफीदा.

बदावी : बरोबर.

तफीदा : पुन्हा.

बदावी : नाव?

तफीदा : तफीदा. अब्द-अल-गनी पखालवाल्याची तफीदा, तंताची. बघ! बापासकट आलं.

बदावी : आलं. मी म्हणत होतो ना.

तफीदा : पुन्हा विचार.

बदावी : नाव?

तफीदा : तफीदा... हे काय ठोकतायत खाली?

बदावी : सुतार आहे. लक्ष देऊ नका.

तफीदा : लाकडाचा आवाज. तंबू उभारतायत का?

बदावी : हो. तसंच काहीसं.

तफीदा : मग वेळ आहे अजून. तुम्ही बसा ना, उभे का? फार चांगले आहात तुम्ही. वाकून बूट घातलात माझ्या पायात. आजकाल कोण घालतं? तुमचा आवाज ओळखीचा वाटतो हो. नाव काय तुमचं?

बदावी : माझं राहू द्या, सित्त. आपण तुमचंच पुन्हा एकदा घेऊ.